डावा लाल, उजवा हिरवा

रात्री चालणाऱ्या जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा, डोलकाठीवर पांढरा आणि पिछाडीलाही पांढरा. यांतला एकही दिवा पुढची वाट उजळण्यासाठी नसतो. आपले जहाज कोणत्या दिशेने चालले आहे, साधारण केवढे आहे आणि काय काम करीत आहे, हे दुसऱ्या जहाजाला अंधारात कळावे एवढ्यासाठीच हे दिवे लावले जातात. आज जगातल्या सर्व समुद्रांवर त्यांची रीत एकच आहे. मुंबईच्या बंदरातून निघालेला तांडेल आणि नॉर्वेचा कप्तान एकमेकांची भाषा न जाणताही हे दिवे सारखेच वाचतात. ही एकवाक्यता यायला सव्वाशे वर्षे लागली, आणि तिच्यातल्या कित्येक सुधारणांच्या मागे कुठली ना कुठली भीषण टक्कर आहे.

जहाजावर रात्री दिवा ठेवण्याची चाल मात्र फार जुनी. इ.स.पू. २०४ मध्ये रोमन सेनापती स्किपिओ सिसिलीहून आफ्रिकेवर चालून गेला, तेव्हाची आज्ञा इतिहासकार लिव्हीने नोंदवून ठेवली आहे : युद्धनौकांवर एक दिवा, माल वाहणाऱ्या नौकांवर दोन आणि सेनापतीच्या नौकेवर तीन. आरमार रात्रीत विखुरू नये आणि सेनापती कुठे आहे ते सर्वांना दिसावे, हा त्यामागचा हेतू. पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत हा हेतू फारसा बदलला नाही. युरोपीय आरमारांत प्रमुखाच्या जहाजाच्या पिछाडीला मोठमोठे नक्षीदार कंदील बसवत आणि मागची जहाजे त्यांच्या रोखाने चालत. सतराव्या शतकातल्या ‘सॉव्हरिन’ या इंग्रज युद्धनौकेचा कंदील तर एवढा प्रचंड होता की १६६१ च्या जानेवारीत सॅम्युएल पीप्स काही स्त्रियांसह त्याच्या आत जाऊन उभा राहिला. रोजनिशीत त्याने ही गोष्ट मोठ्या कौतुकाने लिहिली आहे. असा कंदील म्हणजे मानाची खूण. समोरून येणाऱ्या परक्या जहाजाला त्यावरून दिशा समजण्याची काही सोय नव्हती.

एकट्यादुकट्या व्यापारी गलबतावर तर बहुधा दिवाच नसे. लाकडी जहाजावर, डांबर लावलेल्या दोरखंडांमध्ये, उघडी ज्योत म्हणजे जिवाशी खेळ. तेल आणि मेणबत्त्या महाग. वारा सुटला की वात टिकत नसे. दुसरे जहाज जवळ आल्याची चाहूल लागली तर कंदील वर धरून दाखवायचा, एवढाच रिवाज होता. तो पुष्कळ ठिकाणी पुरतही असे, कारण शिडाचे जहाज वाऱ्याच्या हुकमात चालते. वारा कुठून येतो ते ठाऊक असले की दुसरे जहाज कोणत्या दिशेने जाऊ शकेल आणि कोणत्या दिशेने मुळीच जाऊ शकणार नाही, याचा अंदाज खलाशाला बांधता येतो. त्यात वेग बेताचा. कोकण किनाऱ्याने मतलई वाऱ्यावर रात्री-पहाटे निघणारी गलबते याच अंदाजावर चालत, आणि पावसाळ्यात तर ती किनाऱ्यावर ओढूनच ठेवलेली असत.

वाफेच्या यंत्राने हा अंदाज मोडून टाकला. १८०७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनची आगबोट हडसन नदीत प्रवासी नेऊ लागली. १८१२ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत हेन्री बेलची ‘कॉमेट’ धावू लागली. १८३० मध्ये मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ सुएझपर्यंत जाऊन आली. आगबोट वाऱ्याच्या तोंडावर चालते, सरळ रेषेत चालते, वेळापत्रकासाठी रात्रीही चालते. तिची दिशा वाऱ्यावरून ओळखता येत नाही. शिवाय वेगाचे गणितच बदलले. दहा नॉटने धावणाऱ्या दोन आगबोटी समोरासमोर आल्या तर त्यांच्यामधला एक सागरी मैल तीन मिनिटांत संपतो. पूर्वी दोन गलबतांना एकमेकांना हाका मारून बाजूला व्हायला जो अवधी मिळत असे, तो आता उरला नाही. इंग्लिश खाडी, थेम्स आणि मर्सी या नद्यांची मुखे, अमेरिकेतली मोठी सरोवरे अशा गर्दीच्या पाण्यात टकरी वाढत गेल्या.

पहिले कायदे तुकड्यातुकड्याने आले. अमेरिकेच्या १८३८ च्या कायद्याने आगबोटींनी सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावलेच पाहिजेत असे ठरवले, पण कोणत्या रंगाचे आणि कुठे, याबद्दल तो मोघमच होता. दिवा दिसला म्हणजे तिथे बोट आहे एवढे कळे, ती येते आहे की जाते आहे हे कळत नसे. इंग्लंडमध्ये दीपगृहांचा आणि वाटाड्यांचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या ट्रिनिटी हाउसने १८४० मध्ये आगबोटींसाठी नियम केला : समोरासमोर आल्यास दोघींनीही उजवीकडे वळावे आणि आपापली डावी बाजू एकमेकींना दाखवत निघून जावे. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने या नियमाला कायद्याचे बळ दिले. त्याच कायद्याच्या आधारे ब्रिटिश नौदल खात्याने १८४८ मध्ये आगबोटींच्या दिव्यांचे नियम जाहीर केले. डोलकाठीवर पांढरा, डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, ही आजची मांडणी त्या नियमांतून आली.

हेच रंग टिकले याला तेव्हाच्या दिव्यांचे कारण पुरेसे आहे. तेलाच्या ज्योतीचा उजेड पिवळसर असतो, त्यात निळा अंश फार थोडा. निळी काच लावली तर जवळजवळ सगळा उजेड काचेतच जिरतो. लाल काचेतून त्यातल्या त्यात बरा उजेड बाहेर पडतो. हिरव्या काचेला थोडी निळसर झाक दिली की पिवळी ज्योत बाहेरून स्वच्छ हिरवी दिसते. तरीही रंगीत काच पुष्कळ उजेड खातेच. म्हणून पुढे १८६३ च्या नियमांत डोलकाठीचा पांढरा दिवा निरभ्र काळोख्या रात्री पाच मैलांवरून दिसावा अशी अट होती, तर लाल-हिरव्यासाठी दोनच मैलांची. पांढऱ्या दिव्याने लांबून सावध करायचे आणि रंगीत दिव्यांनी जवळ आल्यावर दिशा सांगायची, अशी ही वाटणी होती.

या मांडणीचे खरे मर्म रंगांपेक्षा दिव्यांच्या आडपडद्यात आहे. लाल किंवा हिरवा दिवा चहूबाजूंनी दिसत नाही. त्याचा उजेड जहाजाच्या नाकासमोरच्या रेषेपासून सुरू होऊन आपल्या बाजूने, काटकोनाच्या थोडा मागेपर्यंतच पसरतो. जुन्या होकायंत्रावर वर्तुळाचे ३२ भाग असत आणि एक भाग सव्वाअकरा अंशांचा. बाजूच्या प्रत्येक दिव्याला त्यांतले दहा भाग दिले होते, डोलकाठीच्या पांढऱ्या दिव्याला दोन्ही बाजूंचे मिळून वीस. आजचे नियम अंशांत लिहिलेले आहेत : ११२.५ आणि २२५. हे अपूर्णांकी आकडे विचित्र वाटतात, पण दहा आणि वीस भागांचे अंश केले की तेच येतात. शिडांच्या काळातले होकायंत्र या नियमांत असे अजून शिल्लक आहे.

डाव्या बाजूचा उजेड उजवीकडे जाऊ नये म्हणून दिव्याच्या आतल्या अंगाला फळी लावायची, आणि ती दिव्याच्या पुढे निदान तीन फूट आलेली असावी, असे १८६३ चे नियम सांगतात. ज्योत रुंद असते, त्यामुळे आखूड फळीच्या कडेवरून उजेड पलीकडे सांडतो आणि समोरच्याला चुकीची बाजू दिसते. आजही या पडद्याची दिव्याकडची बाजू काळ्या रंगाने, चमक येणार नाही अशी रंगवावी लागते.

आता हे दिवे वाचायचे कसे ते पाहावे. काळोखात समोर एक पांढरा दिवा आणि त्याच्याखाली लाल व हिरवा असे दोन्ही दिसले, तर ते जहाज थेट आपल्यावर येते आहे. दोन्ही रंग एकदम त्याच्या नाकासमोरूनच दिसू शकतात. नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, नुसता हिरवा दिसला तर उजवी. लाल दिसत असताना मध्येच हिरवाही दिसू लागला, तर ते जहाज वळून आपल्याकडे तोंड करते आहे. आपल्या उजव्या हाताला एखादे जहाज आपली वाट आडवी ओलांडत असेल, तर त्याचा लाल दिवाच आपल्याला दिसणार. आणि नियम असा की उजव्या हाताच्या जहाजाला वाट द्यायची. म्हणजे वाट ज्याने द्यायची त्याला लाल दिसतो आणि ज्याला वाट मिळायची त्याला हिरवा. हे इतके चपखल आहे की रंग मुद्दाम याचसाठी निवडले असे वाटावे. पण रंग १८४८ चे आहेत, आणि आडव्या जाणाऱ्या आगबोटींचा हा नियम १८६३ चा. नियम करणाऱ्यांनी हातात असलेल्या दिव्यांशी त्याची सांगड नेमकी घातली.

१८४८ चे नियम फक्त आगबोटींसाठी होते. त्या काळी समुद्रावर शिडांचीच जहाजे बहुसंख्य होती आणि ती अंधारातच चालत राहिली. ब्रिटिश शिडाच्या जहाजांना लाल-हिरवे दिवे १८५८ मध्ये लागू झाले. त्याच वेळी धुक्यात आगबोटीने शिटी वाजवावी आणि शिडाच्या जहाजाने भोंगा किंवा घंटा, हेही ठरले. डोलकाठीचा पांढरा दिवा शिडाच्या जहाजाला दिला नाही. त्याच्या नसण्यावरूनच ते शिडाचे आहे हे ओळखायचे आणि आगबोटीने बाजूला व्हायचे. कल्पना चांगली होती, पण तिचा भार शिडाच्या जहाजावरच पडला. पाच मैलांवरून दिसणारा दिवाच त्याच्याकडे नव्हता. होते ते दोन मंद कंदील, तेही शिडाच्या कापडाआड जायचे, फवाऱ्याने काजळायचे, आणि तेल वाचवण्यासाठी पुष्कळदा लावलेच जात नसत.

अमेरिकेत ही गोष्ट फार महागात पडली. ८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे मिशिगन सरोवरात, वादळी हवेत, ‘लेडी एल्गिन’ या प्रवासी आगबोटीला ‘ऑगस्टा’ नावाच्या शिडाच्या जहाजाने धडक दिली. सुमारे तीनशे माणसे बुडाली. चार वर्षांनी, १८६४ मध्ये, अमेरिकेने ब्रिटिश धर्तीचे नियम स्वीकारले आणि शिडाच्या जहाजांनाही रंगीत दिवे लावावे लागले.

त्याच्या आधीच्या वर्षी झालेली एक घटना या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने फ्रेंच सरकारशी विचारविनिमय करून १८६३ मध्ये नवे नियम अमलात आणले. दोन जुन्या वैऱ्यांनी समुद्रावरच्या वाहतुकीसाठी एकच पुस्तक मान्य केले, आणि १८६४ संपेपर्यंत तीसहून अधिक देशांनी तेच पुस्तक उचलले. एकेका देशाने आपापले दिवे ठरवले असते तर परक्या पाण्यातला प्रत्येक प्रवास धोक्याचा झाला असता. बोर्ड ऑफ ट्रेडच्या सागरी विभागातले अधिकारी टॉमस ग्रे यांनी १८६७ च्या आपल्या पुस्तिकेत हे नियम सोप्या पद्यांत बांधले. जेमतेम अक्षरओळख असलेल्या नाविकांनीही ती तोंडपाठ केली. नियम कागदावरून माणसाच्या जिभेवर आणण्याचे हे काम कायदा करण्याइतकेच मोलाचे होते.

ब्रिटिश राज्यात असल्याने हेच नियम हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही आले. मोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकची कामे करणारे खलाशी कोकणातून, विशेषतः रत्नागिरीकडून, आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून भरती होत. सारंग, तांडेल, कसाब अशी त्यांची उतरंड असे. कसाबाकडे सामानाची कोठी आणि दिवे. दिवे सांभाळणे हे बाहेरून क्षुल्लक वाटणारे, पण चुकल्यास जहाज घालवणारे काम होते. दिवसा काचा पुसायच्या, काजळी खरवडायची, वात सरळ कातरायची, तेल भरायचे. वात तिरकी कातरली गेली तर ज्योत एका बाजूला वर चढते, काच काळवंडते आणि मध्यरात्री दिवा अर्धा मैलही दिसत नाही. सूर्यास्ताच्या आधी कंदील उचलून बाजूच्या खोबणीत बसवायचे आणि रात्रभर ठरावीक वेळाने ते जळताहेत ना हे पाहून वर कळवायचे. सुरुवातीला यात मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल जळे, १८६० नंतरच्या दशकांत रॉकेल आले. जहाजावर वीज आल्यानंतरही रॉकेलच्या कंदिलांचा एक जोड तयार ठेवण्याची पद्धत कितीतरी वर्षे चालू होती.

दिवे सांभाळणाऱ्या या माणसाची एक साक्ष ‘टायटॅनिक’च्या चौकशीत नोंदली गेली आहे. १४ एप्रिल १९१२ च्या संध्याकाळी दिवे बघणारा सॅम्युएल हेमिंग सर्व दिवे लावल्याचे कळवायला ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच जागेवर, गेला. तेव्हा पहिले अधिकारी मरडॉक यांनी त्याला पुढच्या डेकवरचे एक झाकण बंद करायला सांगितले, कारण त्यातून येणाऱ्या उजेडाने टेहळणीला अडथळा होत होता. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि क्षणभराच्या उजेडाने तो सराव मोडतो. म्हणून रात्री जहाजाचा ब्रिज अंधारा ठेवतात. नियमांत असलेले दिवे लावायचे आणि नसलेला उजेड झाकायचा, अशी दोन्ही कामे करावी लागतात, आणि दुसरे काम पहिल्याइतकेच काटेकोरपणे करावे लागते.

रंगांवर उभारलेल्या व्यवस्थेत एक दुबळा दुवा होता. डोळ्यांच्या रंगदोषात सर्वांत जास्त आढळणारा दोष लाल आणि हिरव्यात फरक न कळण्याचा, आणि तो बायकांपेक्षा पुरुषांत पुष्कळ जास्त. त्या काळी जहाजावर पहारा करणारे सगळे पुरुषच. बोर्ड ऑफ ट्रेडने १८७७ पासून अधिकाऱ्यांच्या परीक्षेत रंगांची चाचणी सुरू केली. पुढे काही वर्षे रंगीत लोकरीचे गुंडे देऊन ते जुळवायला सांगत. पण उजेडात हातात घेतलेली लोकर ओळखणे वेगळे आणि दोन मैलांवर टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा दिवा ओळखणे वेगळे, हे लक्षात आल्यावर विसाव्या शतकात काळोख्या खोलीतल्या कंदिलाची चाचणी आली. रंगांची नीट ओळख नसलेल्याला आजही जहाजाच्या पहाऱ्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. भारतातही दर्यावर्दीच्या वैद्यकीय तपासणीत ही परीक्षा असते.

दुसरी उणीव १८६३ च्या मांडणीतच होती आणि ती दुरुस्त व्हायला नव्वद वर्षे लागली. वर्तुळाच्या ३२ भागांपैकी वीस भागांत दिवे दिसत, उरलेले बारा भाग, म्हणजे संपूर्ण पिछाडी, अंधारात. मागून येणाऱ्या जहाजाने पुढच्याला चुकवून जायचे हा नियम होता, पण पुढचे जहाज त्याला दिसणार कसे? वेगवान आगबोट मंद गलबताला मागून गाठत असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत समोर काहीच नाही. या नियमांच्या १८८० च्या आवृत्तीत असे आले की मागून कोणी येताना दिसल्यास पिछाडीवरून पांढरा दिवा किंवा भडका दाखवावा. म्हणजे मागे पाहणारा माणूस जागा असेल तरच उपयोग. १८८९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय सागरी परिषद भरली. तिच्यातून निघून १८९७ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि इतर काही देशांत अमलात आलेल्या नियमांनी पिछाडीला कायमचा दिवा ठेवण्याची मुभा दिली, सक्ती मात्र केली नाही. ती १९४८ च्या परिषदेने केली आणि तिचे नियम १९५४ मध्ये लागू झाले. आज साध्या होडीलाही अटळ वाटणारा पिछाडीचा दिवा असा सर्वांत उशिरा आला.

दुसऱ्या डोलकाठीच्या दिव्याची कथाही अशीच, पण त्याचा फायदा अधिक सूक्ष्म. एकच पांढरा दिवा असला तर जहाज किंचित वळले तरी ते लांबून कळत नाही. दोन दिवे असले, मागचा उंच आणि पुढचा खाली, तर ते जहाज आपल्याकडे नाक करून येत असताना एकाखाली एक दिसतात, आणि ते वळू लागताच एकमेकांपासून सरकतात. खालचा दिवा ज्या बाजूला सरकला त्या बाजूला जहाजाचे तोंड. लाल-हिरवा दिसण्याआधीच, पाच-सहा मैलांवरून, हे समजते. हा दिवाही १८९७ मध्ये ऐच्छिक होता. यंत्रावर चालणाऱ्या १५० फूट किंवा त्याहून लांब जहाजांना तो १९५४ पासून सक्तीचा झाला.

दिवे बरोबर असले म्हणजे सारे निभावते असे नाही. २२ जानेवारी १८७३ च्या रात्री इंग्लंडच्या डंजनेसजवळ नांगरून पडलेल्या ‘नॉर्थफ्लीट’वर ‘मुरिलो’ ही स्पॅनिश आगबोट आदळली आणि न थांबता निघून गेली. मजूर आणि त्यांची कुटुंबे यांनी भरलेल्या त्या जहाजावरचे २९३ जण मेले. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी थेम्स नदीत सहलीहून परतणारी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट ‘बायवेल कासल’ या कोळशाच्या जहाजासमोर आली आणि धडकेनंतर काही मिनिटांतच बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. दोन्ही बोटींवरच्या लोकांना एकमेकींच्या बोटी दिसत होत्या, पण नदीत कोणी कोणत्या अंगाने जावे याबद्दल ठाम नियमच नव्हता. तो या अपघातानंतर झाला.

याहून बोलका प्रसंग रडार आल्यानंतरचा आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेटजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ हे इटालियन जहाज धुक्यातून येत होते आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज समोरून. दोघांनीही एकमेकांना रडारवर पाहिले होते. ‘स्टॉकहोम’च्या पहाऱ्यावर तिसरा अधिकारी होता. अंतर जेमतेम दोन मैलांवर आले तेव्हा त्याला दिवे दिसले : डोलकाठीचे दोन पांढरे, त्यांतला खालचा डावीकडे सरकलेला, आणि लाल दिवा. म्हणजे समोरचे जहाज डावी बाजू दाखवत निघून जाणार. त्याने नियमाप्रमाणे आणखी उजवीकडे वळण घेतले. थोड्याच वेळात पाहतो तर लाल नाहीसा होऊन समोर हिरवा उभा. ‘आंद्रेआ डोरिया’ डावीकडे वळून त्याच्या नाकासमोरून आडवी जात होती. ‘स्टॉकहोम’चे नाक तिच्या कुशीत घुसले. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ जण मेले. तिसऱ्या अधिकाऱ्याने दिवे अचूक वाचले होते. दिवे मात्र त्या क्षणीची दिशा सांगतात, पुढच्या मिनिटाचा हेतू सांगत नाहीत.

सध्याचे नियम २० ऑक्टोबर १९७२ रोजी लंडनच्या परिषदेत मंजूर झाले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. भारताने त्यांच्यासाठी १९७५ मध्ये विनियम केले. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीचा दिवा सहा मैल आणि बाजूचे व पिछाडीचे दिवे तीन मैल दिसले पाहिजेत. जहाज लहान तसे अंतर कमी. सात मीटरांहून लहान आणि सात नॉटपेक्षा जास्त न धावणाऱ्या यंत्राच्या होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. वल्ह्यांच्या होडीने बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवून टक्कर टाळण्याइतक्या वेळेवर दाखवला तरी चालते. म्हणजे शिडांच्या काळातला कंदील दाखवण्याचा रिवाज कायद्यात अजून जिवंत आहे. खास कामांच्या खुणाही याच नियमांत आहेत. एकाखाली एक दोन लाल दिवे म्हणजे जहाज ताब्यात नाही. लाल-पांढरा-लाल म्हणजे कामात गुंतल्याने वळता येत नाही. पांढऱ्याखाली लाल म्हणजे वाटाड्याची बोट. तीन लाल म्हणजे खोल बुडीचे जहाज, ज्याला खोल पाण्याची वाट सोडता येत नाही. ही शेवटची खूण महाकाय तेलवाहू जहाजांच्या काळात, १९७२ च्या नियमांत आली.

कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर या खुणांपैकी सर्वांत उपयोगाच्या दोन आहेत. ट्रॉलर जाळे ओढत असेल तर पांढऱ्याच्या वर हिरवा, दुसऱ्या जाळ्याने मासे धरत असेल तर पांढऱ्याच्या वर लाल. जाळे आडवे दीडशे मीटरांहून दूर पसरलेले असेल तर त्या दिशेने आणखी एक पांढरा दिवा. डोल लावून बसलेल्या कोळ्यांच्या होड्या खुंटाला बांधलेल्या जाळ्याजवळच थांबतात, त्यांना झटकन हलता येत नाही. अशा होडीवर योग्य दिवा नसेल तर मोठ्या जहाजाच्या उंच ब्रिजवरून ती लाटेपासून वेगळी काढता येत नाही. दिवा असूनही दिसत नाही, अशीही अडचण आता आहे. मासे गोळा करण्यासाठी काही बोटी पाण्यावर प्रखर एलईडी दिव्यांची रांग लावू लागल्या, आणि त्या झगमगाटात लाल-हिरवे पार बुडून जातात. या मासेमारीमुळे माशांचा साठा संपेल या कारणावरून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पण कोणताही जादा दिवा खुणेच्या दिव्यांना झाकणारा नसावा, हा टक्कर टाळण्याच्या नियमांचा जुनाच दंडक आहे, आणि त्या कसोटीलाही ही पद्धत उतरत नाही.

विजेच्या दिव्यांचे आरंभीचे अप्रूप आपल्या किनाऱ्यावरही होते. कच्छमधील मांडवी आणि मुंबई यांच्यामध्ये ये-जा करणारी ‘वैतरणा’ ही आगबोट विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणूनच ओळखली जाई. नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात ती शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. विजेने वात, तेल आणि काजळी यांचा जाच संपवला आणि दिवा विझल्यास ब्रिजवर लगेच इशारा मिळण्याची सोय झाली. एलईडीने वेगळाच प्रश्न आणला. जुना बल्ब एकदम जातो, त्यामुळे तो गेल्याचे कळते. एलईडी वर्षानुवर्षे हळूहळू मंदावते, जळत असल्यासारखी दिसते आणि ठरलेल्या अंतरावरून दिसेनाशी होते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ मध्ये मंजूर केलेल्या मानकांनुसार, उजेड ठरलेल्या मर्यादेखाली गेला की इशारा देणारी यंत्रणा किंवा दिव्याच्या आयुष्याची मुदत, यांपैकी काहीतरी असावे लागते.

समुद्रावरची ही रीत आकाशातही गेली. १९१९ च्या पॅरिस करारात विमानांसाठी डाव्या पंखाला लाल, उजव्या पंखाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा ठरला, आणि आजची विमानेही तेच लावतात. बंदरांच्या वाटेवरच्या बोयांचे रंग मात्र जगभर एक होऊ शकले नाहीत. बंदरात शिरताना भारतात डाव्या हाताला लाल बोया असतो आणि उजव्या हाताला हिरवा. अमेरिका आणि जपानमध्ये याच्या नेमके उलट. तरी त्या पाण्यात शिरणाऱ्या जहाजांच्या डाव्या बाजूचा दिवा लालच राहतो.